मधोमध बांधलेलं मागचं चाक

त्या चाकाला स्पोक छत्तीस होते की चाळीस, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. या वयात मी स्वतःच्या चष्म्याच्या जागेबद्दलही छातीठोक नसतो. पण फजिती मात्र लख्ख आठवते. तशी शत्रूचीही होऊ नये! आणि तरीही आधीच बजावून ठेवतो: माझं गणित बरोबर होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी फणसवाडीत राहायचो, कॉलेजात गणित शिकवायचो. समितीत मला पत्रकांचं शुद्धलेखन तपासण्यापलीकडे कोणी काम देत नसे. "मास्तरांना हातानं काही जमत नाही," असं म्हणत. तेही माझ्यासमोर!

समितीकडे लढाईच्या काळातली एक जुनी फटफटी होती. आमचे वक्ते अण्णा तिच्यावर मागे बसून सभांना जात. लालबागच्या सभेला तीन दिवस उरले असताना करी रोडच्या खड्ड्यात मागच्या चाकाची रिम चेपली. तशी दुसरी मिळेना. चोरबाजारात मिळाली ती भलत्याच गाडीची. म्हणजे नव्या लांबीचे स्पोक करून अख्खं चाक नव्यानं बांधायचं.

"मी बांधतो," मी म्हणालो.

सगळे हसले. करी रोडच्या गिरणीतले फिटर सावंतमामा तेवढे हसले नाहीत. ते घाबरले.

लॉगॅरिथमची कोष्टकं उघडून मी स्पोकची लांबी काढली. मामांनी त्या मापाचे स्पोक कापले, आटे पाडून दिले, आणि म्हणाले, "मास्तरानु, रिम मधोमध नको. जरा डावीकडे व्हयी."

"का म्हणून? चाक मध्यावरच हवं. ही भूमिती आहे, मामा!"

"तुमचा गणित बरोबर आसात. पण उजवीकडच्या साखळीक गणित येता खंय?"

ऐकायला हवं होतं का? अहो, त्या दिवसांत आम्ही दिल्लीचं ऐकत नव्हतो, तिथं करी रोडचं काय ऐकणार!

चाक चढवलं. टायर साखळीवरच्या पत्र्याला खर्र-खर्र घासू लागला.

"पत्रा वाकडा आहे," मी म्हणालो.

"पत्रो?"

"पत्राच! काढून टाका."

पत्रा काढला. चाक फिरलं! मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. मामा मात्र उघड्या साखळीकडे आणि मग अण्णांच्या धोतराकडे पाहत राहिले.

सभेच्या दिवशी गाडी मीच चालवली. परळ सोडलं आणि मागून अण्णा ओरडू लागले. मला वाटलं, भाषणाचा सराव चाललाय. मी म्हटलं, "वा! हाच जोर ठेवा!" आणि गाडी आणखी पळवली.

लालबागला उतरलो तेव्हा अण्णांच्या अंगावर धोतर निम्मंच उरलं होतं. तेही ग्रीसनं काळंकुट्ट.

"अण्णांना पोलिसांनी मारलं!" गर्दीतून कोणीतरी गरजलं.

"नाही हो! चाकामुळे..." मी पुढे झालो.

"घाबरू नका, मास्तर! खरं काय ते सांगा!" पुढच्या रांगेतल्या एक बाई ओरडल्या.

"खरंच सांगतोय! साखळीनं..."

"साखळ्यांनी मारलं मेल्यांनी!"

झालं! घोषणांनी आभाळ फाटायची वेळ आली. मी अण्णांकडे पाहिलं. आता हा देवमाणूस तरी खरं सांगेल की नाही? त्यांनी एका हातानं धोतर सावरलं, दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि म्हणाले, "हो! आज माझ्या वस्त्रावर हात पडला!" कोणाचा, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. तासभर बोलले. तशी सभा पुन्हा झाली नाही. वर लाठ्या झेलत वक्त्यांना घेऊन आलेले वीर म्हणून माझ्या गळ्यात हार पडला.

मामा कानाशी येऊन म्हणाले, "हार मात्र बरोबर मधोमध बसलो हां, मास्तरानु."

त्यानंतर कित्येक वर्षं मी मामांशी हुज्जत घातली. रिम अचूक मध्यावर होती, गाडीचा सांगाडाच चुकीचा होता! ते नुसते हसायचे.

निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या खोलीवर गेलो. फटफटी कधीच भंगारात गेली होती, पण मामांनी ते चाक माळ्यावर जपून ठेवलं होतं. म्हटलं, आज निकाल लावूनच जायचं. पट्टी लावली. दोनदा मोजलं. मग पट्टी मामांच्या हातात दिली. त्यांच्याही मोजण्यात तेच आलं.

रिम मधोमध नव्हती. पाव इंच उजवीकडे होती, साखळीच्या बाजूला.