सूपभर कोंड्याचा सौदा

महायुद्ध चालू असताना, माघातल्या एका बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास मी माझा चार महिन्यांचा मुलगा बोरीच्या बाजारात सूपभर कोंड्याला विकला. तो परत मिळायला दुपारचा पाऊण वाजला. उशीर विक्रेत्याच्या निष्काळजीपणामुळे झाला. विक्रेता मीच होतो.

मी तेव्हा हैदराबादला एका दैनिकाच्या कचेरीत आलेल्या बातम्या तपासायचं काम करत असे. बोरी ही माझी सासुरवाडी. पत्नी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला, तीन वर्षांच्या कमळीला आणि नव्या बाळाला घेऊन जायला मी आलो होतो. कमळीच्या आधीचा आमचा मुलगा वर्षाच्या आतच गेला होता. म्हणून सासूबाईंनी ठरवलं होतं की हे मूल आधी विकायचं आणि मगच गाडीत बसवायचं.

चाल अशी. ज्या घरी मुलगा जगत नाही तिथलं बाळ भरल्या घरच्या बाईला कोंड्याच्या मोलानं द्यायचं. तो कोंडा घेऊन मारुतीला तीन प्रदक्षिणा घालायच्या, तोच कोंडा तिला परत करायचा आणि मूल उचलून आणायचं. मग ते कागदोपत्री दुसऱ्याचं होतं आणि मरण दाराशी येऊन चुकल्यासारखं परत जातं. मूल घरी येईपर्यंत आईनं उंबरा ओलांडायचा नाही की त्याला पाजायचं नाही.

याच चालीची टर उडवणारा लेख मी वर्षभरापूर्वी लिहिला होता. सासूबाईंनी तो वाचला नव्हता. बोरीच्या शाळामास्तरांनी वाचला होता. (हे मला त्या सकाळी ठाऊक नव्हतं.)

"जावईबापू, ध्यानात ठेवा," सासूबाई म्हणाल्या, "त्योच कोंडा परत द्यायचा. चिमूटभर बी इकडंतिकडं झाला न्हाई पायजे."

"मामी, कोंडा आहे तो. जाऊन जाऊन जाईल कुठं?"

पत्नी दाराच्या आत उभी होती. ती इतकंच म्हणाली, "तुमाला हे खोटं वाटतं ते मला ठाऊक हाय. पण नीट करा." मग तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि आत गेली. त्यामुळे नीट करणं भाग होतं.

बाहेर पडताना मला आणखी दोन कामं सांगण्यात आली. माझं दैनिकाला पाठवायचं पत्र टपालपेटीत टाकायचं होतं आणि बाळासाठी वेखंड आणायचं होतं. अंतर तीनशे पावलं. वेळ, माझ्या अंदाजानं, अर्धा तास. कमळीला घरी ठेवून जा, असं कुणी सुचवलं नाही, कारण ती आधीच रस्त्यावर जाऊन उभी होती.

कमळीचा त्या वर्षीचा सगळा शब्दसंग्रह दोन शब्दांत मावत असे: "माझं मी!" चप्पल माझी मी घालणार. (उलटी.) चालणार माझी मी. थांबणार माझी मी. पहिल्या शंभर पावलांत ती अकरा वेळा थांबली: एक कोंबडी, दोन गोटे, एक झोपलेलं कुत्रं, बाकीच्या वेळी कारण कळू शकलं नाही. मी बोट धरायला गेलो तर ती रस्त्याच्या मधोमध बसली. मागून कडब्याची बैलगाडी येत होती.

"पोरीला उचला की!" गाडीवान ओरडला.

"उचलू देत नाही!" मी सांगितलं.

"बाप कोन हाय? तुमी का ती?"

गाडी वळसा घालून गेली.

टपालपेटीपाशी "माझं मी!" झालं. पेटी उंच. मी डाव्या हातावर बाळ आणि उजव्या काखेत कमळी घेऊन उभा राहिलो. कमळीनं पत्राचं एक टोक पेटीत घातलं आणि दुसरं सोडेना. पत्र तिला आवडलं होतं. तेवढ्यात बाळानं माझा कोट भिजवला. मी दचकलो, कमळी दचकली, आणि पत्र आत पडलं. त्यात खेड्यापाड्यांतल्या अस्वच्छतेवर चार परिच्छेद होते.

वेखंडाच्या दुकानात तिनं वेखंड चाखून पाहिलं. दुकानदाराची गादी तोवर पांढरीशुभ्र होती, असं मला आठवतं. त्या दुकानात आम्ही फार वेळ थांबलो नाही.

साडेदहाला आम्ही गयाबाई कुंभारणीपाशी पोचलो. तिला आठ लेकरं, आठही हयात. म्हणून बोरीतली अशी सगळी मुलं तीच विकत घेत असे. बाजाराच्या कडेला तिची गाडगी-मडकी मांडलेली, मागे खुंटीला तिचं गाढव बांधलेलं. तिनं हात पुसले, बाळ घेतलं, त्याच्या टाळूवरून बोट फिरवलं आणि गव्हाच्या कोंड्याचं सूप माझ्यापुढे केलं.

"घ्या. आता हे लेकरू माजं. कुनी इचारलं तर तुमचा काय संबंद न्हाई."

मी सूप घ्यायला हात पुढे केले.

"माझं मी!" कमळी म्हणाली.

बाजारात तमाशा नको म्हणून मी सूप तिला दिलं. तिनं ते डोक्यावर घेतलं आणि मारुतीच्या तीन प्रदक्षिणा, खरं सांगतो, तिनं अगदी काळजीनं घातल्या. कोंड्याचा एक कण सांडला नाही. तिनं सूप आणून गयाबाईसमोर धरलं. आता ते गयाबाईच्या हातात द्यायचं आणि बाळ घ्यायचं, इतकंच उरलं होतं. अंतर दीड हात.

इथे मला माझा धंदा आठवला. असा प्रसंग समोरासमोर पुन्हा बघायला मिळणार नव्हता. मी खिशातून वही काढली, घड्याळात वेळ पाहिली (दहा वाजून बावन्न मिनिटं) आणि विचारलं, "गयाबाई, आजवर अशी किती मुलं घेतलीत?"

"तुमचं सातवं."

"सगळी हयात?"

"समदी. एक तर पैलवान झालाय."

"त्याचं गाव?"

"लिवून कामून घ्यायलात?"

"नुसतीच टिपणं." मी 'सातवे' हा शब्द लिहिला, पैलवानाखाली रेघ ओढली आणि वर पाहिलं. कमळी समोर नव्हती. ती मागे खुंटीपाशी होती. सूप तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं आणि सुपात गाढवाचं तोंड होतं.

"कमळे!"

"त्याला भूक लागली," कमळी म्हणाली. "त्यानं मागितला."

गाढवानं सूप चाटून गुळगुळीत केलं. कोंडा उरला नाही, याची मी स्वतः खात्री केली.

मी मन शांत ठेवलं. कायद्याच्या दृष्टीनं बाजू माझी होती. "हे बघा गयाबाई, गाढव तुमचं. त्यानं खाल्लेला कोंडा तुमच्याकडेच पोचला. सौदा पुरा झाला. बाळ द्या."

"सौदा गाढवानं केलता का?"

"नाही, पण…"

"मग? सौदा म्या केलता, तुमी केलता. त्ये मुकं जनावर त्यात कामून घालायलात?"

भोवती माणसं जमू लागली होती. भाजीवाल्या आल्या, मघाचा गाडीवान आला आणि शाळामास्तरही आले. मास्तर नमस्कार करून म्हणाले, "आपला या चालीवरचा लेख वाचला. फार परखड आहे. विशेषतः ते वाक्य, की शहाण्या बापाला अशा वेळी बाजारात उभं राहायचीही लाज वाटावी."

"हो," मी म्हणालो.

"आज आपण प्रत्यक्ष पाहणी करताय वाटतं?"

"हो."

बाळ इथवर शांत होतं. सव्वाअकराला ते जागं झालं आणि त्यानं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा गळा काढला. त्याची पाजायची वेळ झाली होती. मला दाराच्या आत उभी असलेली त्याची आई दिसू लागली. बाळ हिसकून नेता आलं असतं. नेऊन 'सगळं नीट झालं' असं सांगताही आलं असतं. पण कमळी होती, आणि जे पाहिलं ते जसंच्या तसं घरी सांगणं या बाबतीत ती माझ्यापेक्षा चांगली बातमीदार होती. शिवाय 'नीट करा' असं मला एकदाच सांगण्यात आलं होतं.

"गुरवबाबांना इचारा," गाडीवान म्हणाला. मारुतीचा गुरव सत्तरीचा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गाढवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फैसला दिला.

"कोंडा गेला तर लेकरू जात न्हाई. पन बापानं सवताच्या हातानं दळायचं, चाळायचं, आन् निगंल त्यो कोंडा द्यायचा. मूठभर बी चालंल."

(हा नियम गुरवानं त्याच क्षणी तयार केला असावा, अशी शंका आहे. पुष्टी होऊ शकली नाही.)

गुरवाचं घर गयाबाईच्या मडक्यांना लागूनच होतं आणि जातं अंगणातच होतं. त्याच्या सुनेनं पायलीचं माप मागे ठेवलं (टंचाईचे दिवस होते) आणि मूठ-मूठ गहू पुढे केले. मी कोट काढून बसलो. जातं ही वस्तू मी लहानपणापासून पाहत आलो होतो. ती किती जड असते हे कुणी छापलं नव्हतं. पहिला वेढा अर्ध्यावर अडला. दुसऱ्याला खुंटा निसटून कपाळावर बसला.

"आवं, उलटं फिरवायलेत!" एक भाजीवाली म्हणाली.

"ओवी म्हना जावईबापू! ओवीबिगर जातं फिरत न्हाई!"

मला एकही ओवी येत नव्हती. बायका थांबेनात. शेवटी मी पाठ असलेली एकच गोष्ट चालीवर म्हणू लागलो: धान्याच्या साठ्यासंबंधीचा सरकारी जाहीरनामा. 'तमाम रयतेस कळविण्यात येते की' या ठिकाणी जातं खरोखरच फिरलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. गाडीवानाला बसावं लागलं. मास्तर वहीत काहीतरी लिहीत होते.

कमळीनं दळण्यात "माझं मी!" म्हटलं नाही, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. ती गयाबाईपुढे मांडी घालून बसली होती आणि रडणाऱ्या बाळाच्या तळव्यावरून हात फिरवत होती. पाऊण तासानं मी चाळणी हलवायला घेतली, तेव्हा पीठ डोक्यावर होतं, मिशीत होतं, परातीत त्या मानानं कमी होतं. तेवढ्यात कमळी उठली. तिनं काहीतरी ठरवलेलं दिसत होतं.

"गयामावशी, बाळाला दे."

"कोंडा येऊ दे की बाई."

"बाबाला ठेव. बाबा घे, बाळ दे."

गयाबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. मडकं घेण्याआधी लोक जसं वाजवून पाहतात, तसं.

"नगं ग माय," ती म्हणाली. "याला दळता बी येत न्हाई."

पाऊण वाजता मूठभर कोंडा सुपात पडला. या वेळी सूप मी दोन्ही हातांनी धरलं, वही खिशात ठेवली, आणि गाढव दुसरीकडे बांधून घेतलं. गयाबाईनं कोंडा पदरात ओतला, बाळाच्या कपाळाला कोंड्याचं बोट लावलं आणि बाळ माझ्या हातात दिलं. "जा रं सातव्या. मोठा हो," ती म्हणाली. तेव्हा ती हसत नव्हती.

परतीची तीनशे पावलं कमळी एकदाही न थांबता चालली. पत्नी दाराच्या आत होती, सकाळी होती तिथेच. तिनं बाळ घेतलं, मग माझ्या मिशीतलं पीठ पाहिलं.

"नीट झालं का?"

"नीट झालं," मी म्हणालो.

"गाढवानं खाल्लं," कमळी म्हणाली. "मग बाबानं दळलं."

पत्नी बाळाला घेऊन आत गेली आणि थोड्या वेळानं आतून तिचा हसण्याचा आवाज आला. पहिला मुलगा गेल्यापासून तो मी ऐकला नव्हता.

मुलाचं नाव कोंडिबा ठेवलं. तो हयात आहे. माझा लेख मी मागे घेतला नाही, पण त्याचा दुसरा भागही लिहिला नाही.

पुढच्या माघात आम्ही पुन्हा बोरीला गेलो. बाजारातून जाताना मागून खणखणीत हाक आली, "जावईबापू, इकडं या!" मी लगेच वळलो, हात जोडले आणि दोन पावलं पुढे गेलो.

गयाबाई गाढवाला बोलवत होती.