सावलीतलं ऊन आणि ह्यांची मिशी

नवतपा म्हणजे भर उन्हाळ्यातले, रोहिणी नक्षत्राचे पहिले नऊ दिवस. त्या दिवसांत आमच्या वऱ्हाडातल्या शिरपुरात कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. आमच्या घरी मात्र तेव्हाच कामाची खरी गर्दी असे. आधी कुरडया, मग सांडगे, मग पापड आणि शेवटी मिरच्या. हा क्रम मी ठरवला होता, कारण कुरडयांना बायका जास्त लागतात आणि मिरच्यांना कोणीच थांबत नाही.

त्या वर्षी मिरच्या पसरत होते तेव्हाच नणंदेचे यजमान वाशीमहून मोटारीनं आले. ते कचेरीत कारकून होते. रोज वर्तमानपत्र वाचायचे आणि वाचलेलं त्याच दिवशी कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. ओसरीवर माझे सासरे, म्हणजे मामंजी, डोक्यावर ओला पंचा टाकून बसले होते. आमचे हे शेजारी बसून मिशीला पीळ देत होते. ह्यांची मिशी तुपावर उभी असे. नवतप्यात तूप पातळ होई आणि दुपारपर्यंत टोकं खाली येत, म्हणून हा पीळ दिवसातून अनेकदा द्यावा लागे.

"जगात उष्णतेनं कहर केलाय," जावई टेकता टेकता म्हणाले. "अमेरिकेत कुठलीशी दरी आहे, तिथं लोक पायांना ओली फडकी गुंडाळून फिरतात. आफ्रिकेच्या वाळवंटात त्याहून वाईट. सिंधमध्ये रूळ वाकले म्हणे. सगळीकडं आजवरचे उच्चांक मोडले."

"अन् आपलं शिरपूर?" मामंजींनी विचारलं.

"शिरपूरचं नाव नाही."

"काहून नाही?"

"त्यांच्या मानानं आपल्याकडं गारच म्हणायचं."

गार! दुसऱ्या गावात हा शब्द खपला असता. आमच्याकडं नवतपा नीट तापला तरच पुढं पाऊस नीट, अशी समजूत. त्यामुळं ऊन वाईट असलं तरी ते आमचं होतं, आणि घरच्या तापट माणसाला बाहेरच्यानं मवाळ म्हटलेलं जसं झोंबतं, तसं ते झोंबलं.

हे उठून उभेच राहिले. "भाऊजी, आमच्या उन्हापुढं अमेरिकेचं ऊन म्हणजे चांदणं हाय, चांदणं! तुमच्या पेपरातल्या आकड्याच्या वर नाही गेलं शिरपूर, तं ही मिशी उतरवतो!"

"शाबास!" मामंजी ओरडले.

आमच्यात पुरुषाची मिशी उतरते ती बाप गेल्यावर. आणि बाप तर समोर बसून शाबास म्हणत होता.

दोनेक दिवसांनी जावई पुन्हा आले. या खेपेला काखेत एका वकिलाकडून मागून आणलेला उष्णतामापक होता. लाकडी पट्टी, तिच्यावर काचेची नळी, नळीत पारा. निम्मं गाव अंगणात जमलं. मी मिरच्या एका कडेला सारल्या, लोकांसाठी ताकाची घागर दारात ठेवली आणि ह्यांना म्हटलं, काय करायचं ते लवकर करा, संध्याकाळच्या आत मला अंगण मोकळं हवं.

ह्यांनी पट्टी भर उन्हात, विहिरीच्या लोखंडी रहाटावर टांगली. पारा सरसर चढू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी मिशीला पीळ दिला.

"असं चालत नाही," जावई म्हणाले. "सावलीत मोजतात."

"काय मोजतात?"

"ऊन."

"सावलीत?"

"हो."

मामंजी हळूहळू ओसरीवरून उतरले. "जवाईबापू, जिथं ऊन नाही तिथं ऊन मोजून राह्यले तुमी! उद्या विहिरीतलं पाणी माळ्यावर जाऊन मोजसान."

"सगळ्या जगात असंच मोजतात, मामंजी."

"म्हून तं सारं जग गार हाय!"

पण नियम म्हणजे नियम. पट्टी कडुलिंबाखाली गेली, पारा खाली उतरला आणि गाव मदतीला धावलं. समोरचे शेठजी म्हणाले, "जवळ जवळ उभे राहा, माणसाची ऊब लागते." लगेच वीसपंचवीस माणसं त्या पट्टीला चिकटून उभी राहिली. फुटाणेवाल्यानं वाळूची तापलेली कढईच झाडाखाली आणून ठेवली.

"हे काय?" जावई ओरडले.

"काय म्हंजे? मी सावलीतच बसलो हावो ना."

कढई हलवली तोवर दोघं जण गाल फुगवून पाऱ्यावर फुंकर मारायला लागले. शेवटी मलाच सांगावं लागलं, "अहो, दूध आपण फुंकूनच गार करतो." ते दोघं घाईघाईनं मागं सरले आणि एकमेकांवर ढकलू लागले, तूच फुंकलं, नाही तूच फुंकलं.

पारा थांबला. जावयांनी वाकून पाहिलं, मग मीही पाहिलं. एकशे चौदा फॅरनहाइट.

"अन् अमेरिकेचं?" ह्यांनी विचारलं.

"बरंच पुढं." जावयांचा चेहराही उतरला होता. "जाऊ द्या हो भाऊ. थट्टेतलं बोलणं ते."

"शब्द देला म्हंजे देला," हे म्हणाले. आवाज मात्र बारीक झाला होता.

"अबे, तुह्या शब्दापायी मले मारतं का?" मामंजी म्हणाले.

"बाबा, शाबास तुमीच म्हणलं होतं."

"मी उन्हाले म्हणलं, तुले नाही!"

न्हावी आला. मिशी उतरवायची असं ऐकताच त्यानं धोकटी खाली ठेवली, डोळ्यांना उपरणं लावलं आणि म्हणाला, "अरे देवा! कवा गेले?"

"अठीच बसलो हावो मी," मामंजी म्हणाले.

"मंग नाही भादरत. बाप जिता असताना मिशीले वस्तरा लावला तं पाप कोनाले? मलेच."

आता सगळे मामंजींकडं पाहू लागले. ह्यांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली होती. मामंजींनी डोक्यावरचा पंचा नीट केला. मग म्हणाले, "काढ. मी मेल्यावर लोक म्हणतीन, याचा पोरगा शब्दाले पलटला. त्यापरीस मीच आधी जातो."

मिशी गेली. वरचा ओठ पांढरा आणि दचकल्यासारखा दिसू लागला. आमचं कुत्रं ह्यांच्यावर भुंकलं. मी पदर तोंडाला लावून आत गेले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. हे खाली मान घालून गेले आणि बुचकळ्यात पडून परत आले. "लोक लय चांगले हायेत," म्हणाले. "कोनी हासलं नाही. खांद्यावर हात ठेवून राह्यले सारे."

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"काय म्हणू? म्हणलं, उन्हापायी झालं सारं. एका दुपारीच खेळ आटोपला."

मी कपाळाला हात लावला. उतरलेली मिशी, वर हे वाक्य. मामंजींना ऊन लागून ते गेले, याशिवाय बाजारानं दुसरं काय समजावं? मी लगेच कैऱ्या उकडायला टाकल्या. माणसं येणार हे नक्की होतं, आणि भर उन्हातून येणाऱ्याला पन्हं द्यावंच लागतं.

सकाळी मेडशी गावची बैलगाडी दारात आली. बायकांनी फाटकापासूनच गळा काढला. पुढं मामंजींचे जुने दोस्त होते. "अरे माह्या दोस्ता, असा कसा गेला रे! असा दिलदार मानूस आता व्हनार नाही!" म्हणत ते ओसरीपर्यंत आले आणि तिथं दोस्त रसाची वाटी घेऊन बसलेला पाहून थिजले.

"तू... हायेस?"

"हावो. बस. पन काय म्हणून राह्यला होता, ते पुरं कर."

"काही नाही. दिलदार होता म्हणलं."

"कवा म्हणला होता मले असं?"

"जिता होता तवा कायले म्हणीन?"

बायकांचं रडणं मध्येच लटकलं होतं. पन्ह्याचे पेले पुढं केले तर कोणी घेईना, कारण सुतकाच्या घरचं पाणी पिऊ नये. ज्याचं सुतक तोच समोर असला तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मेडशीकर दोस्तानं मामंजींनाच विचारलं, "घेतलं तं चालते काय?"

"घे," मामंजी म्हणाले. "माह्या नावानं घे."

मग दिवसभर माणसं येत राहिली. मामंजींनी धुतलेलं धोतर नेसलं, ओसरी झाडून घेतली, आणि जो कमी बोलेल त्याला "अजून काही आठवते काय?" म्हणून विचारू लागले. एकानं नुसतंच "देवानं नेलं, काय करता" म्हटलं, तर त्याला दुसरा पेला द्यायला त्यांनी मला मनाई केली.

ह्यांच्या ओठावर काळी सावली दिसू लागली, तसे हे जरा सावरले. आरशापुढं उभे राहून बोटानं चाचपून पाहायचे. मामंजींनी ते पाहिलं आणि न्हाव्याला बोलावणं पाठवलं.

"आता कायले, बाबा?"

"बस खाली," मामंजी म्हणाले. "मालेगावचे अजून यायचे हायेत. मिशी पाहून दारातूनच वापस गेले तं?"