मूकपटातली सम

महाराजांच्या राज्यात सिनेमा नवा होता, तेव्हा कोल्हापुरात एका जुन्या बंदिशकाराच्या आयुष्यावर मूकपट निघाला. बंदिशी बांधणाऱ्या माणसावर मुका सिनेमा! ऐकून मला हसूच आलं होतं. त्यात बंदिशकाराचं काम केलं माझ्या गुरूंनी, खाँसाहेबांनी. नुसते ओठ हलवायला त्यांनी साफ नकार दिला. कळंब्याच्या तळ्याकाठी भर उन्हात बसून कॅमेऱ्यापुढे खरंखुरं गायले. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा घसा बसला तो बसलाच. वैद्य झाले, हकीम झाले. कुजबुजण्यापलीकडे आवाज उरला नाही.

खेळाच्या वेळी कोणीतरी पडद्यामागे बसून गायचं, असा तेव्हाचा रिवाज. ते काम माझ्याकडे आलं. "लय सोडू नकोस," खाँसाहेब कुजबुजले. "लोक मला हसता कामा नयेत." आवाज गेलेल्या गवयाजवळ अब्रू तेवढी उरली होती आणि ती आता माझ्या गळ्यावर होती. आमच्याकडचा श्रोता भीडभाड ठेवणारा नाही. आवडलं तर डोक्यावर घेतो, चुकलं तर तोंडावर सांगतो.

पहिल्या खेळाला तंबू गच्च भरला. कोणी आपल्याकडे वळून बघू नये म्हणून खाँसाहेब अगदी मागे, चित्र दाखवायच्या यंत्राजवळच्या बाकावर बसले. पडद्यामागून चित्र उलटं दिसतं. उजव्या हाताने ताल देणारे खाँसाहेब मला डावखुरे दिसत होते. त्या हातावर नजर रोवून मी विलंबित ख्याल सुरू केला. तालमीत सगळं जुळलं होतं. त्यांचा हात मांडीवर पडायचा, तिथेच माझी सम, तालाची पहिली मात्रा, यायची.

पण तालमीत हाताने फिरवायची यंत्राची मूठ निवांत फिरली होती. आज तंबूच्या मालकाला दुसऱ्या खेळाची घाई. यंत्रवाला मूठ गरागरा फिरवायला लागला आणि पडद्यावरचे खाँसाहेब पळत सुटले. मान झटके देई, जबडा भराभर उघडमीट करी. हात मांडीवर पडून उचललासुद्धा जाई आणि माझी सम अजून लांबच.

"आरं, म्हाताऱ्याला मुंग्या चावल्यात की!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चित्रामागं पळूया का?" शेजारी बसलेल्या तबलजीने हळूच विचारलं. मी गातागाताच मान हलवून नाही म्हटलं. पळालो असतो तर हशा कदाचित थांबला असता, पण त्यांच्या ख्यालाचा पोरखेळ झाला असता. हसणं वाढतच चाललं होतं. यंत्रवाल्याची मानगूट धरावीशी वाटत होती आणि जागचं हलता येत नव्हतं.

तेवढ्यात चित्र संथ झालं. मान शांतपणे डोलू लागली, हात सावकाश उचलला गेला. मी समेवर नेणारा मुखडा धरला. तो उलटा हात मांडीवर टेकला आणि माझी सम बरोबर तिथे पडली.

"व्वा!" अख्खा तंबू ओरडला. टाळ्या थांबेनात. मी मनातून फुलून गेलो. लगेच चित्र पुन्हा पळायला लागलं, पण या वेळी कोणी हसलं नाही.

खेळ संपताच मी तावातावाने यंत्रवाल्याकडे गेलो. तो खांदा चोळत बसला होता.

"लय मधेच धरली, मधेच सोडली! हा काय चावटपणा?"

"मी कुठली धरतोय, बुवा? खाँसाहेब उठून आलं आणि माझ्या खांद्यावर ताल द्याय लागलं. बोटं अशी रुतली, की मूठ आपसूक त्यांच्या हातानं फिराय लागली."

"मग सोडली कशाला?"

"टाळ्या पडल्या न्हवं का? त्यांनी हात उचलला आणि लोकांस्नी सलाम केला. अंधारातच. टाळ्या थांबस्तवर करत हुतं."

तोवर मी समजत होतो, त्या टाळ्या माझ्या गाण्याला होत्या.