विमानाच्या पायावर पाणी

फोन वहिनीनंच केला. सकाळचे साडेसात-आठ झाले असतील, मी मेथी निवडत बसले होते. "वन्सं, तुमचे भाऊ गेले," एवढंच म्हणाली. आणि वर तीच मला समजावू लागली, "सावकाश या, घाई करू नका, पोरगी आलीय माझ्याजवळ." म्हणजे बघा, नवरा तिचा गेला आणि धीर मला. नानाला जाऊन आता दीड महिना झाला. त्याच्यावर लिहा असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. लोकांना ऐकायचं असतं ते परतूरकडच्या शेतकऱ्याच्या पोरानं निजामाच्या राज्यात विमान कसं उडवलं ते. उडवलं, छान उडवलं. पण मला आठवतो तो नोकरी लागल्या लागल्याचा नाना, हातात कागद धरून उन्हात उभा राहिलेला... आणि आठवतो त्याच्यावर धरलेला माझा राग. तो सांगून टाकला म्हणजे मी मोकळी होईन.

आमचं गाव परतूर स्टेशनापासून दोन कोसांवर. बापू, म्हणजे आमचे वडील, शेतकरी. पण त्यांचं नाव होतं बैलांच्या पारखीबद्दल. कुणाला जोडी घ्यायची असली की बापूंना सोबत घेऊन जालन्याच्या बाजारात जायचं, असा रिवाजच पडला होता. बापू बैलाभोवती तीन फेऱ्या मारायचे, दात बघायचे, खूर उचलून बघायचे, दहा पावलं चालवून बघायचे आणि शेवटी विकणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून म्हणायचे, "आता याची खोड सांग." खोड विचारल्यावर खोटं बोलायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. बैल घरी आला की दारात घरच्या बाईनं त्याच्या पायावर पाणी घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं, भाकरीचा तुकडा भरवायचा. तोवर तो घरचा नाही. अशा घरातला आमचा नाना. औरंगाबादला उर्दूतून शिकला आणि लढाईच्या दिवसांत हैदराबादला विमान चालवायला पोरं घेऊन राह्यले असं कळल्याबरोबर हा गेला. बापू आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "जाऊ द्या. आपण नांगर धरून वर बघतो, हा वरून नांगराकडं बघंल." झालं, मिटलं.

वहिनी पिंपळगाव रेणुकाईची. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच ती. मुलगा झाला, नऊ दिवसांचा होऊन गेला. नाना तेव्हा हैदराबादला शिकत होता. झाल्याचं पत्र आणि गेल्याचं पत्र, दोन्ही त्याला एकाच दिवशी मिळाली. वरचं आधी उघडलं, ते गेल्याचं होतं. झाल्याचं त्यानं नंतर वाचलं... हे त्यानं मला सगळ्या आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडं पाठ फिरवून. वहिनी माहेराहून आली ती मुकी होऊनच आली. काम करायची, विचारलं तर बोलायची. पुढं दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मात्र नाना सुट्टीवर आलेला असताना माझ्यादेखत म्हणाली, "ह्या बारीला मी एकटी राह्यनार न्हाई. कुडाची खोली असंना का, संध्याकाळी तुम्ही दिसले पाहिजे." इतकं मोठं वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आणि त्याच सुट्टीत, शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात, पोस्टानं नोकरीचा कागद आला. हैदराबादेत नवीनच निघालेल्या विमान कंपनीनं नानाला घेतलं होतं. पण कागदात खाली एक चौकट होती. कोणतं विमान आणि कोणतं ठाणं, ते दहा दिवसांत लिहून द्या. डकोटा, म्हणजे वीस-पंचवीस माणसांचं मोठं विमान, घेतली तर मद्रासला राहायचं. आधी काही वर्षं दुय्यम, मग मोठा कप्तान. पण एकदा निघालं की चार-चार दिवस बाहेर, आणि नव्या माणसाला बायको-पोरांसाठी जागा मिळायची नाही. दुसरं होतं सहा-आठ माणसांचं लहान विमान. टपाल आणि सरकारी अंमलदार घेऊन मुलखातल्या मुलखात फिरायचं, ठाणं हैदराबाद, राहायला खोली. लहान विमान धरलं की डकोटाची पाळी कधी येईल ते देव जाणे, असं नानाच म्हणाला.

आता डकोटा म्हणजे नानाचा जीव. जेवताना ताटात बोटानं तिचे पंख काढून दाखवायचा. मी त्याच्याहून वर! जालन्याला आत्याकडं राहून सातवी झालेली मी, स्वतःला फार शहाणी समजायची. आमचा नाना डकोटा चालवणार, समुद्राकाठी राहणार, असं मी परतूरपर्यंत सगळ्या मैत्रिणींना सांगून बसले होते. वहिनीला नानानं विचारलं, तर ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "तुम्हाला पटंल ते करा." आधी बोलली होती तेवढं बोलली होती, पुन्हा मागणार नव्हती. नाना कागद घेऊन या खोलीतून त्या खोलीत. पाच दिवस त्या कागदानं घरात कुणाला नीट जेवू दिलं नाही. सहाव्या दिवशी बापू वैतागले. "जनावर न बघता बोली करायची न्हाई," म्हणाले. "चला, दावणीवर जाऊन बघू. सूनबाई, तू बी चल. पाणी घालायला घरची बाई लागंल." मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपली चढलेच गाडीत.

हैदराबादला नानानं आपल्या पारशी साहेबाची परवानगी काढली आणि आम्हाला मैदानावर नेलं. दोन्ही विमानं उभी होती. डकोटा बघून मी तोंडात बोट घातलं. केवढी ती! बापूंनी पटका नीट केला आणि दोन्ही विमानांभोवती तीन-तीन फेऱ्या मारल्या. चाकाचं रबर अंगठ्यानं दाबलं, पोटाखाली वाकून बघितलं, पत्र्यावर थाप मारली. दातांचं काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून पंख्याच्या पात्याची धार चाचपली. नाना शरमेनं लाल. तिथं करीममियाँ म्हणून एक म्हातारे मिस्त्री होते, हात तेलानं काळे. बापू सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, "मियाँ, खोड सांगा. दोन्हीची." करीममियाँ हसले नाहीत. त्यांचे वडील टांगेवाले होते, जनावराची भाषा त्यांना कळत होती. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "बडे में ऐब कुछ नै, बापू. बस, दूर जाता. गया तो चार रोज सूरत नै दिखाता." "आन् छोटं?" "छोटा हिलता बहुत. गर्मी में पेट का पानी हिलाता. बोझ नै उठाता, नाम नै कमाता. मगर शाम को, मगरिब तक, घर."

बापूंनी पुन्हा एकदा दोन्ही विमानांकडं बघितलं. मग नानाला म्हणाले, "मी सांगून न्हाई राह्यलो, तुझं तू बघ. पण मी बैल घेतो तेव्हा एवढंच बघतो, सोडला तर संध्याकाळी दावणीला येतो का न्हाई." आणि वहिनीला म्हणाले, "सूनबाई, तांब्या घे." वहिनी चार महिन्यांची पोटुशी. पितळी तांब्या घेऊन ती दोन विमानांच्या मधोमध उभी राहिली, पदर डोक्यावर, नजर खाली. डकोटाकडं तिनं बघितलं नाही आणि लहान विमानाकडंही नाही. बापू म्हणाले, "सांग बाबा, कोणत्याच्या पायावर घालायचं." नाना हातात तो कागद धरून डकोटाकडं बघत उभा राहिला. ऊन मी म्हणत होतं. पारशी साहेब लांबून विचारत होता काय चाललंय म्हणून, तर करीममियाँ म्हणाले, "मुँह-दिखाई है साब, जरा ठैरो." माझ्या मनात आपलं एकच, जा नाना, जा तिकडं, जा... नाना चालू लागला. डकोटाजवळ गेला, तिच्या पत्र्यावर तळहात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा. मग वळला आणि लहान विमानाच्या चाकापाशी येऊन उभा राहिला. "इथं," म्हणाला. वहिनीनं पाणी घातलं. अर्धं पाणी तिच्याच पायावर पडलं. कुंकू लावलं, आणि भाकरीचा तुकडा कुठं भरवावा ते कळेना, तर करीममियाँनी हात पुढं केला आणि स्वतःच खाऊन टाकला.

मी रडले. आनंदानं नव्हे हो, संतापानं! परतीच्या गाडीत परतूर येईपर्यंत नानाकडं पाठ करून बसले. घरी आल्यावर तोंड सोडलं. "बायकोच्या पदराला बांधलेला," म्हणाले. "टांगेवाला," म्हणाले. हे वहिनीच्या कानावर जावं म्हणूनच मोठ्यानं म्हणाले, आता लपवून काय करू? नाना हसला आणि कागद भरून पाठवून दिला. पुढं वहिनीला घेऊन हैदराबादला गेला. तिथून त्याची पत्रं यायची, खाली सही 'तुझा टांगेवाला भाऊ'. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. हट्ट म्हणजे हट्ट, आमच्या घराण्याचाच गुण तो.

कार्तिकात वहिनीचे दिवस भरत आले. आई थकलेली, म्हणून बापूंनी मलाच पाठवलं. बोलायचं नाही ठरवूनच गेले. वहिनीला सकाळी कळा सुरू झाल्या, नाना त्याआधीच टपाल घेऊन निघून गेलेला. सुईणीनं मला पाणी तापवायला लावलं. दुपारी वहिनी माझा हात धरून सारखं एकच विचारायची, "वन्सं, किती वाजले?" मला आधी वाटलं कळा सोसवत नाहीत म्हणून विचारते. मग कळलं, ती दुखणं मोजत नव्हती, त्याची यायची वेळ मोजत होती. दिवस कलला तशी मुलगी झाली. आणि थोड्याच वेळानं नाना दारात, टोपी हातात, कपड्यांना धूळ. सुईणीनं पोर त्याच्या हातात दिली. त्यानं तिच्याकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं, आणि मला म्हणाला, "सोने, ह्या बारीला पत्र न्हाई लागलं गं." मी भिंतीकडं तोंड करून हुंदके देऊन रडले. त्यानंतर मी त्याच्याशी कधी अबोला धरला नाही.

गोष्ट इथं संपली असती तर सोपं होतं. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगितलं पाहिजे. अठ्ठेचाळीस साली मुलखात गडबड झाली, विमानं काही काळ जमिनीवरच बसली. पुढं सगळं बदललं, कंपन्या बदलल्या, नानाच्या मागून आलेली पोरं डकोटाचे कप्तान झाली. नानाची पाळी पुढं पुढं सरकत राहिली. ती आली तेव्हा त्याचे डोळे अधू झाले होते, तपासणीत पास झाला नाही. मग निवृत्त होईपर्यंत तो नव्या पोरांना जमिनीवर शिकवत राहिला. म्हणजे डकोटा त्यानं कधी चालवलीच नाही. वहिनीला आणखी दोन मुलं झाली, घर झालं, म्हातारपणी जालन्याला येऊन राहिली दोघं. या सगळ्या वर्षांत नानाला वाईट वाटलं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी त्याला टांगेवाला म्हटलं होतं ना... कोणत्या तोंडानं विचारणार?

परवा वहिनीकडं चार दिवस राहायला गेले होते, तेव्हा तिला विचारलं. दुपारी आम्ही दोघीच जेवायला बसलो होतो. "वहिनी, खरं सांग. नानाला कधी वाईट वाटलं का गं?" मला वाटलं म्हणेल, छे, मुळीच न्हाई. वहिनी भाकरी मोडत म्हणाली, "वाटायचं ना वन्सं. रोज वाटायचं. हैदराबादला आमच्या खोलीवरून डकोटा जायची, जेवता जेवता ह्यांचा घास हातातच राह्याचा. आवाज पार जाईस्तोवर खाली ठेवायचे न्हाई, तोंडात घालायचे न्हाई. आधी आधी मला लई लागायचं. वाटायचं, माझ्यापायी झालं हे. एकदा म्हणलं पण तसं. तर म्हणाले, घास थांबू दे की. तुझ्यासमोर थांबतोय न्हवं?" पन्नास वर्षं माणूस रोज हळहळला आणि ते लपवायला तिच्यापासून उठून गेला नाही. मी मूर्ख, एक तर सुखी म्हणणार नाहीतर फसलेला म्हणणार.

तेवढ्यात वरून विमान गेलं. हल्लीची फार उंचावरून जातात, माझ्या कानाला तर आवाजही लागला नाही. वहिनीला लागला. तिचा हात भाजीत बुडवलेला घास घेऊन तोंडापर्यंत आला आणि तिथंच राहिला. ती खिडकीकडं बघत नव्हती, समोरच्या पाटाकडं बघत होती. नानाच्या त्या पाटावर मी बसले होते. मीही हात थांबवला. मग तिनं घास खाल्ला आणि म्हणाली, "जेवा वन्सं, भाकरी गार होऊन राह्यली."