घागरीत सोडलेली नळी

आईच्या किडन्या निम्म्याच चालतात, असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि बोअरचं पाणी प्यायचं बंद करायला लावलं. बीडमध्ये आमच्या गल्लीला नळ आठ-दहा दिवसांनी येतो, मधले दिवस बोअरवर. त्या पाण्यात डाळसुद्धा धड शिजत नाही. मी एरवी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही, पण त्या दिवशी घाबरलो आणि दुसऱ्या दिवशी फिल्टर घरी आणला.

बसवायला आलेल्या माणसानं मशीन ओट्याखाली टांगली आणि सिंकशेजारी ग्रॅनाइटला भोक पाडायला घेतलं. आई नाकाला पदर लावून उभी. "बाबा, ओटा फुटंल की!" ओटा फुटला नाही. भोकात बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला छोटा नळ बसला, त्यानं खालून नट आवळला. धार करंगळीपेक्षा बारीक. पहिला पेला आईनं मलाच दिला.

मग तिचं लक्ष दुसऱ्या नळीकडे गेलं. "ही कुठं चालली?"

"खारं पाणी बाहेर टाकती, मावशी. मोरीत सोडायची."

"आन् एवढं? पेलाभर येतंय आन् तांब्याभर जातंय!"

तिचा जीव तुटला, खरं तर माझाही. नळाच्या दिवशी शेवटचं भांडं भरेपर्यंत आमच्या घरात कुणी जेवत नाही. आमच्यानं पाणी मोरीत कसं सोडवणार? मी ती नळी कोपऱ्यातल्या स्टीलच्या घागरीत सोडली. तोंड लहान, शिंतोडे उडत नाहीत. "हे धुण्याभांड्याला वापर," असं सांगून मोठी अक्कल पाजळली. आमच्याकडे धुण्याचं पाणी बादलीत असतं आणि घागरीतलं प्यायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी क्लासवर शिकवतो. सकाळी अंधारात निघायचं, दिवेलागणीनंतर परत यायचं. निघताना ओट्यावर डबा आणि फिल्टरच्या पाण्यानं भरलेली मोठी बाटली तयार असायची. रिपोर्ट मात्र दर खेपेला वाईट येत गेले. मी आईवरच तोंड सोडायचो. "चोरून लोणचं खातेस तू!"

एका दुपारी क्लासला सुट्टी मिळाली. घरी आलो तर ती एकटीच जेवत बसलेली. उन्हातून आलो होतो, तिच्या ताटाजवळचा तांब्या उचलून तोंडाला लावला. पाणी मचूळ होतं.

"हे घागरीतलं आहे?"

"ते बी पाणीच की रं. चांगलं पाणी लई हळू येतंय. तुला दिसभर पोरांपुढं घसा फोडावा लागतो, आल्यागेल्याला द्यावं लागतं. म्हातारीला काय, कसलं बी चालतंय. घागरीतलं हाय, उष्टं तर न्हाई. टाकून कशाला द्यायचं?"

मी ओरडलो. शेजारीण दारात येऊन उभी राहील इतका ओरडलो. नळी उपटून मोरीत सोडली. आईनं जेवता हात धुऊन टाकला, पदराला पुसला आणि म्हणाली, "चुकलं रं माझं."

हे शब्द अजून माझ्या छातीत रुतलेले आहेत. चूक माझी होती आणि मी तिला माफी मागायला लावली.

त्यानंतर ती अडीच महिने होती. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनंच होतं, त्या पाण्यानं फारसा फरक पडला नसता. म्हणत असतील. पण फिल्टर बसल्यापासून त्या दुपारपर्यंत मी एकदाही तिच्या शेजारी जेवायला बसलो नव्हतो. एकदा जरी बसलो असतो, तरी घास लागल्यावर तिचाच तांब्या उचलला असता.