केरेमेतसाठी रडायचं राहिलं

बुरुलचा आवाज कोचकोरच्या आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक होता. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला, की पहिला निरोप बुरुलला जायचा. तंबूत बायका दाराकडे पाठ करून, हात कमरेवर ठेवून बसत. भेटायला आलेले पुरुष बाहेरूनच काठीवर रेलून गेलेल्याला मोठ्यानं हाका मारत येत, आणि त्या हाका कानावर आल्या की आत बायका हेल काढत. गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्या रडण्यात गायचं असतं, आणि ते बुरुलइतकं कुणाला साधत नसे. एखादा भांडखोर मेंढपाळही तिच्या तोंडून असा काही उभा राही, की त्याच्यावर डूख धरून असलेले शेजारीसुद्धा डोळे पुसत. तिची जाऊ गुलबार्चिन शेजारी बसून तिला साथ द्यायची. दोघींच्या अंगणांमध्ये एकच मातीची भिंत होती, आणि जावा असूनही दोघींचं गूळपीठ होतं.

बुरुलचा नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. एकटीनं दिवस ढकलताना ती एर्मेकच्या प्रार्थनाघरात जायला लागली. एर्मेक याच मुसलमान गावचा, बिश्केकला शिकून ख्रिस्ती पाळक होऊन आलेला. तिथं कुणी तिला ‘टाकलेली’ म्हणून बघत नव्हतं, एवढं एकच कारण सुरुवातीला पुरेसं होतं. येशू तिच्या मनात मागाहून शिरला, पण शिरला तो ठाण मांडून बसला. तिची लेक केरेमेतही तिच्यामागोमाग गेली. दीर असानबेकनं, म्हणजे गुलबार्चिनच्या नवऱ्यानं, त्या दिवसापासून दोघींना वाळीत टाकलं. “स्वतः बुडालीस ती बुडालीस, पोरीला कशाला ओढलंस?” एवढं भिंतीवरून बोलला, आणि गुलबार्चिनचं येणंजाणं बंद झालं.

प्रार्थनाघराच्या या नव्या मंडळीत बुरुलला एकच गोष्ट सोडावी लागली. एर्मेक म्हणाला, पुन्हा उठण्याची आशा ज्यांना आहे त्यांनी असा आकांत करू नये. बुरुलनं ऐकलं. दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी रडायचं सोडणं तिला फारसं जड गेलं नाही.

मग केरेमेत गेली. बिश्केकच्या शिवणकारखान्यात काम करता करता पोरीची छाती भरली, आणि इस्पितळात नेईतो उशीर झाला. गाडीतून गावात आणली ती पांढऱ्या कापडात. कबरस्तानाच्या फाटकात असानबेक चार माणसं घेऊन उभा होता. “आमच्या आजोबांच्या शेजारी ती नको,” म्हणाला. आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही, नुसता फाटकात उभा राहिला. शेवटी कालव्यापलीकडच्या खारट उतारावर, जिथं मेंढरंसुद्धा तोंड लावत नाहीत, तिथं पोरीला पुरलं. अंगणात तंबू उभा राहिला नाही. एर्मेकच्या मंडळींनी गिटारवर गाणी म्हटली. माती पडायला लागली तसं बुरुलचं तोंड आपोआप उघडलं, आणि एर्मेकनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“एजे, लोक बघताहेत,” तो थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं हळूच म्हणाला. “आपली आशा त्यांना दिसू द्या.”

बुरुलनं तोंड मिटलं.

त्यानंतर तिच्या गळ्याखाली घास उतरेना. पाव चहात भिजवून लगदा केला तर कसाबसा जाई. आवाज तर घोगरा, फाटका. नारिनच्या डॉक्टरनं नळी घालून पाहिलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. प्रार्थनाघरात दर रविवारी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना व्हायची, आणि झाली की सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे. बरं वाटतंय का, एजे? एका रविवारी त्या बघण्याला कंटाळून ती हो म्हणाली. टाळ्या पडल्या. एर्मेकचे डोळे भरून आले. तो वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी होती. चहाच्या वेळी तिच्यापुढे केकचा मोठा तुकडा ठेवला, तो तिनं हसत हसत चावला आणि मागे जाऊन रुमालात थुंकला. पुढच्या रविवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

एर्मेक दोनदा बोलवायला येऊन गेला. तिसऱ्यांदा आली कुलायम, पाठीवर लोकरीचं गाठोडं घेऊन. सत्तरीची ही म्हातारी येशूला मानायची, पण स्वतः कधीच प्रार्थनाघरात जाऊ शकली नव्हती. मुलगा जाऊ देत नसे. सोबत प्रार्थनाघरातली तरुण जिबेक होती, तीही दोघींना एजे म्हणे.

“माझ्या घरात नमदा लाटला तर सून नाक मुरडते,” कुलायम म्हणाली. “तुझी पडवी रिकामीच आहे. कुढत नंतर बस. आधी पाणी तापव.”

तेव्हापासून तिघी तिथं जमू लागल्या. लोकर काठ्यांनी पिंजायची, बोरूच्या चटईवर पसरायची, उकळतं पाणी शिंपडायचं, चटई गुंडाळायची आणि गुडघ्यांवर बसून कोपरापासून हातांनी लाटत राहायचं. अंगातला जीव निघून जाईतो हे काम चालतं. कुलायमची प्रार्थना कामाच्या आधी आणि आखूड. “देवा, आम्ही तिघीच आहोत. तूही ये, हात कमी पडताहेत.” मग पाव मोडायचा, एकमेकींना द्यायचा, की झालं. बुरुल आपला तुकडा चहात बुडवायची. कुलायम बघायची आणि बरं वाटतंय का म्हणून कधी विचारायची नाही.

एकदा लाटता लाटता तिनं भलतंच विचारलं.

“तुझ्या पोरीसाठी कोण रडलं गं?”

बुरुलचे हात थांबले नाहीत. “कुणी नाही.”

“तू?”

“आम्हाला आशा आहे ना,” बुरुल घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“मलाही आहे. म्हणून काय गुडघे दुखायचे थांबलेत?” कुलायम चटईवरून उठली. “येशू स्वतः आपल्या दोस्ताच्या थडग्यापाशी रडला. एर्मेक तिथं असता तर त्याच्याही खांद्यावर हात ठेवला असता त्यानं. रड तू.”

“एकटीनं नाही रडता येत, एजे. तुम्हाला माहितीय. दाराशी कुणी यावं लागतं.”

ते खरंच होतं. आलेल्यासाठी हेल निघतो. कुणी आलंच नाही तर आतली बाई कुणाला सांगणार?

कुलायमनं कोपऱ्यातली लोकर पिंजायची काठी उचलली. “चल गं जिबेक, बाहेर.”

“कुलायम एजे, रविवारी मला प्रार्थनाघरात जायचं असतं,” जिबेक घाबरली. “एर्मेक बाइकेला कळलं तर?” थोरल्या भावासारखं ती त्याला बाइके म्हणे.

“कळू दे. तोही आईला पुरून गिटार वाजवत बसला होता, त्याला मेल्याला रडायची जास्त गरज आहे.”

दोघी फाटकाबाहेर गेल्या. पडवीत बुरुल एकटी उरली. काय करावं तिला सुचेना. थोड्या वेळानं ती दाराकडे पाठ करून ओल्या नमद्यावर बसली आणि हात कमरेवर ठेवले, कारण या अंगाला दुसरं काही माहीतच नव्हतं. बाहेरून कुलायमची आरोळी आली. गावात पुरुष ठोकतात तशी, काठीवर रेलून, “बालाम ओय, माझ्या बाळा, कुठं गेलीस!” म्हातारीचा आवाज मध्येच चिरकला. एरवी कुणालाही हसू आलं असतं.

बुरुलचं तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली, मग खोकला, मग गळ्यात काहीतरी टराटरा फाटल्यासारखं झालं आणि हेल निघाला. पूर्वीचा आवाज तो नव्हेच. दाराला गंज चढावा तसा करकरत होता. पण शब्द आपापल्या जागी येत गेले. तिनं केरेमेतची वेणी गायली. कारखान्यातली सुई गायली. आईला पहिल्या पगारातून पाठवलेला कोट गायला. आणि मग जे तिनं कुणाजवळ, देवाजवळसुद्धा, काढलं नव्हतं ते आलं. मीच तुला ओढलं, माझ्या पोरी. माझ्यामुळे आजोबांच्या शेजारी तुला जागा मिळाली नाही. इकडच्यांनी पुरलं नाही आणि तिकडच्यांनी रडू दिलं नाही, खारट मातीत तू मुकी पडलीस आणि तुझी आई, जगाच्या मेलेल्यांना रडणारी, तुझ्यापाशी तोंड मिटून उभी राहिली.

जिबेक आत धावून येऊन तिला मिठी मारून हुंदके देत होती. कुलायम काठी टाकून दाराशी जमिनीवरच बसली होती.

तेवढ्यात फाटक आपटलं. गुलबार्चिन धावत आली, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, हात पिठानं भरलेले. हेल ऐकला की शेजारीण असेल तशी धावतेच, तशी ती धावली होती.

“कोण गेलं?” तिनं दारातूनच विचारलं. “बुरुल, कोण गेलं?”

“केरेमेत,” कुलायम म्हणाली.

गुलबार्चिन तशीच उभी राहिली. “ती तर पार गेल्या हिवाळ्याच्या आधी…”

“हो.”

भिंतीपलीकडून असानबेकनं बायकोला हाक मारली. एकदा, मग जरा जोरात. गुलबार्चिननं मागं वळून पाहिलं नाही. केरेमेतला पहिली अंघोळ तिनं घातली होती, तिचं पहिलं जावळ तिनं कापलं होतं.

“मी भिंतीला कान लावून बसले होते,” ती म्हणाली. “तीन दिवस. म्हटलं, आता हेल निघेल, मग मी जाते. हेल ऐकून जाणाऱ्या बाईला नवरासुद्धा अडवत नाही. तुझ्या घरातून आवाजच आला नाही गं. मला वाटलं, तुमच्यात रडत नसतील. मला वाटलं, तुला मी नको असेन.”

बुरुलनं नमद्यावर सरकून शेजारी जागा केली, आणि गुलबार्चिन दाराकडे पाठ करून तिच्याजवळ बसली.