मी न पाहिलेला चौथा भाग

चंद्रपूरजवळच्या मूल गावात माझी एकाच गोष्टीसाठी ख्याती आहे. चौथा भाग पाहिलेला मी एकमेव माणूस.

आम्ही पाचवीत होतो तेव्हा रविवारी सकाळी नऊला टीव्हीवर अंतराळातली एक मालिका लागायची. परदेशी, पण हिंदी बोलणारी. गल्लीत टीव्ही एकच, माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी. तिचे वडील पोस्टात होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टीव्ही आणि टीव्हीखाली आम्ही पंचवीस पोरं. मालिकेतली पहिलीच गोष्ट चार भागांची होती. एक यान वाळूच्या ग्रहावर अडकतं आणि यानातला लोखंडी माणूस कप्तानाचं ऐकेनासा होतो. तिसरा भाग संपला तेव्हा त्याचा हात कप्तानाच्या गळ्यावर होता. त्या आठवड्यात आम्ही गिळलेला घास कुठे गेला, देव जाणे.

चौथ्या रविवारी मूलची लाईट गेली. अख्ख्या गावाची.

मी त्या दिवशी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, मामाकडे होतो. तिथे लाईटही होती आणि टीव्हीही होता. पण बरोब्बर नऊला मामाने मला केस कापायला कटिंगच्या दुकानात नेऊन बसवलं. परत आलो तर पडद्यावर शेतीचा कार्यक्रम! सोमवारी शाळेच्या फाटकातच पोरांनी मला घेरलं.

"तू चांद्याले होता ना बे? मंग पाह्यला असन! सांग, काय झालं?"

चोवीस पोरं तोंड उघडं टाकून माझ्याकडे पाहत होती. अशा वेळी खरं बोलणारा मुलगा पुढे कलेक्टर होत असेल. मी झालो नाही.

अडचण एवढीच होती, की कुठलीही गोष्ट कशी संपते हे मला एकाच ठिकाणाहून ठाऊक होतं. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगावी झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, आणि पंधराच दिवसांपूर्वी मी एक पाहिलं होतं. त्यामुळे माझ्या चौथ्या भागात लोखंडी माणूस निघाला कप्तानाचा जत्रेत हरवलेला धाकटा भाऊ. दंडावरच्या गोंदणावरून ओळख पटली. लोखंडावर गोंदण कसं, हे कोणी विचारलं नाही. मग कप्तानावर झाडलेली गोळी त्याने आपल्या छातीवर घेतली आणि कोसळता कोसळता वहिनीला उद्देशून गाणं म्हटलं. तीन कडवी. फाटकापाशी मी दहा मिनिटं मरत होतो. प्रार्थनेची घंटा झाली तरी कोणी हललं नाही. पोस्टवाल्यांची मुलगी तोंडावर वही धरून रडली.

तेव्हापासून पस्तीस वर्षं मी चौथा भाग करतो आहे. लग्नांत केला, बारशांत केला, एकदा धानोऱ्याच्या वाटेवर बंद पडलेल्या एसटीत केला. खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला की मी वहिनी, काढला की लोखंडी माणूस.

आणि गेल्या महिन्यात माझ्या बालमित्राचा फोन आला. हा आमच्या गावातला पहिल्या नंबरचा टेलर.

"पोरीनं पुण्याहून चारही भाग आणले बे, पेनड्राइव्हमधी! रविवारी नऊ वाजता माह्या घरी ये. गडचिरोलीहून बाई पण येऊन राह्यली."

बाई म्हणजे तीच, वहीमागे रडणारी. आता मुख्याध्यापिका आहे.

"खरा चौथा भाग पाहू आता!" तो आनंदाने ओरडला. आता ख्याती जाणार, दुपट्टा जाणार आणि उरणार पन्नाशीला आलेला एक खोटारडा.

पहिले तीन भाग आम्ही किंचाळत पाहिले. यान तेलाच्या पिंपाचं होतं. लोखंडी माणूस चालताना गुडघ्यात वाकला की आतला पायजमा दिसायचा. वाळूच्या ग्रहावर एका कोपऱ्यात कोणाची तरी चप्पल पडली होती.

"हे तवा काऊन दिसलं नाई गा?" बाई म्हणाली.

"तवा तुमच्या टीव्हीत मुंग्याच जास्त होत्या," टेलर म्हणाला. "अन् त्या कप्तानाची बाही पाह्य. उलटी लावली हाये लेकानं."

तिसरा भाग संपला. गळ्यावर हात. पाणी पिऊन येतो म्हणून मी उठलो आणि थेट व्हरांड्यातल्या मेन स्विचपाशी गेलो. पस्तीस वर्षांपूर्वी न बोलावता गेलेली लाईट आज जायला तयार नव्हती, तर थोडी मदत करावी म्हणून. बोटं स्विचला लागली तोच मागून आवाज आला.

"भाऊ, तिथी काय करून राह्यले?"

टेलरची बायको. हातात सांबारवड्यांचं ताट; आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

"पाणी पाहून राह्यलो."

"स्विचात?"

मी निमूट एक वडी उचलली आणि आत जाऊन बसलो.

चौथ्या भागात कप्तानाने लोखंडी माणसाच्या पाठीवरचं एक बटण दाबलं. तो थांबला. त्याला खोक्यात भरलं. यान उडालं. संपलं.



"झालं?" टेलर म्हणाला.

"मंग भाऊ कुठी गेला?" बाई म्हणाली. "गोंदण? गाणं?"

मी डोळे मिटून घेतले.

"कापलं!" टेलरने मांडीवर थाप मारली. "जोड कुठी हाये ते मले शिकवू नका. बटणानंतर कपडा कापलेला हाये!"

"कंपनीले पत्र लिहू," बाई टेलरच्या हातात पेन देत म्हणाली. "अन् याची सही घेऊ. यानं सोताच्या डोयानं पाह्यला हाये. लिही गा: मी शपथेवर सांगतो की..."

शपथेवर! गोष्ट सांगणं वेगळं आणि शपथ वेगळी. मी उभा राहिलो, दुपट्टा काढून त्यांच्या पायाशी ठेवला आणि जड आवाजात म्हणालो, "मी चौथा भाग पाह्यलाच नाई. कटिंगच्या दुकानात होतो. सगळं माह्या मनचं हाये."

दोघं असे हसले की टेलरला ठसका लागला.

"तू? तुले गायीवर दहा ओळी येत नव्हत्या. निबंध मी लिहून देत होती," बाई म्हणाली.

"इतकं चांगलं तुले सुचनच नाई बे," टेलर म्हणाला.

"अरे, गाण्याची चाल त्या वर्षीच्या नाटकातली होती!" मी ओरडलो.

बाईने क्षणभर विचार केला. "म्हणजे नाटकवाल्यानं मालिकेतून उचलली."

"नाटक आधी झालं होतं!"

"परदेशात त्याच्याही आधी दाखवली असन."

पस्तीस वर्षं मी चोरी पकडली जाईल म्हणून भीत होतो, आणि आता माल माझाच आहे हे कोणी मानायला तयार नव्हतं. मी इतका चिडलो की पुरावा म्हणून तिथेच सतरंजीवर मेलो. तिन्ही कडव्यांसकट. तिसऱ्या कडव्याला टेलर डोळे पुसत म्हणाला, "पाह्य. पाह्यल्याबिगर असं मरता येते काय?"

टेलरच्या बायकोने माझ्यापुढे चहा ठेवला आणि वाकून हळूच म्हणाली, "मले पटलं, भाऊ. खरा पाह्यलेला माणूस मेन स्विचपाशी कायले जाईन?"

त्या एका वाक्यावर मी टेलरने तोवर लिहून काढलेलं पत्र ओढलं, सही केली आणि खाली ठळक अक्षरात 'लेखक' लिहिलं.

बाईने पत्र तपासलं. सवयीने लाल पेन काढलं, 'लेखक' खोडलं आणि वर 'साक्षीदार' लिहिलं.